आबांच्या रिव्हॉल्व्हरचा चाप

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या अंगाला लकव्याचा झटका आला, त्या पावसाळ्यात दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी त्यांना एक मऊ रबरी चेंडू दिला. रोज सकाळी मुठीत धरायचा, दाबायचा, सोडायचा. आबांनी तो एक दिवस दाबला. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं अंगणातल्या कोंबड्यांच्या अंगावर फेकला आणि जड जिभेनं मला म्हणाले, "मी काय बारकं पोरगं हाय का? पेटी वढ हिकडं. माझं रिव्हॉल्व्हर काडायचंय."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. सुनेला हे जमावंच लागतं. पण आबांनी ते सकाळभर एवढ्या वेळा म्हटलं की शेवटी मी पत्र्याची पेटी ओढत त्यांच्या खाटेपाशी आणली.

आबा आमच्या गावचे जुने पोलीस पाटील. ते काम सोडून बरीच वर्षं झाली, तरी लोक अजून पाटील म्हणूनच राम राम घालतात. खोडदच्या शिवारात आमची वस्ती आहे. अंगणात उभं राहिलं की रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या दिसतात. पाहुणे आले की आबा त्या अशा दाखवायचे, जणू त्यांनीच एकेक करून बसवल्यात. माणूस तसा भला, पण नियमाला चिकटलेला. रस्त्याकडेची बाभळ तोडली म्हणून सख्ख्या भावाचा जबाब लिहून घेतला होता त्यांनी. भाऊ पुढे कितीतरी दिवस बोलत नव्हता, तर म्हणायचे, "न्हाई बोलला तरी चालंल, बाभळ का तोडली?"

नदीतली वाळू रात्रीची उपसणाऱ्यांच्या गाड्या त्यांनी अडवल्या, तेव्हा धमक्या आल्या. म्हणून लायसन मिळालं आणि हे रिव्हॉल्व्हर घरात आलं. छोटंसं, बावीस बोअरचं, तळहातात मावणारं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते जत्रेतल्या खेळण्यासारखं वाटलं होतं. सरावाच्या गोळ्या सोडल्या तर आबांनी त्यातून कधी बार काढला नाही. दसऱ्याला पाटावर ठेवून पूजा करायची, अधूनमधून पुसायचं आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. आचारसंहिता लागली की लायसनवाल्यांना हत्यारं जमा करावी लागतात. त्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून, पिशवीत रिव्हॉल्व्हर घेऊन सगळ्यांच्या आधी ठाण्यात हजर असायचे. दुसरा कुणी शेवटच्या दिवसापर्यंत टाळत राहिला असता, आबांना मिरवायची हौस.

त्या रिव्हॉल्व्हरचं एक दुखणं पहिल्यापासून होतं. त्याचा चाप फार घट्ट होता. हत्यार एवढंसं, पण चाप ओढायला अख्ख्या पंजाचा जोर लागायचा. जोर लावला की हलकं हत्यार हातात थरथरायचं आणि नेम भलतीकडे जायचा. आबा त्याचं कारण सांगायचे. या बारक्या गोळीत पेट घेणारी दारू बुडाच्या मध्यावर नसते, कडेच्या गोल काठात असते. त्या काठावर जोराचा घाव बसला तरच ती पेटते. म्हणून आतली स्प्रिंग कडक, आणि स्प्रिंग कडक म्हणून चाप जड. मागचा घोडा अंगठ्यानं आधीच मागे ओढून ठेवला तर चाप हलका होतो, पण झटक्यानंतर आबांचा अंगठाच सगळ्यात निकामी झाला होता. बाकीची बोटं निदान वळवळायची. अंगठा काही केल्या हलायचा नाही.

तर आबांनी ठरवलं की उजव्या हाताची तर्जनी आपण याच चापावर सुधारायची. मॅडमच्या चेंडूवर नाही.

गोळ्या एका छोट्या कुलपाच्या डब्यात असायच्या आणि त्याची किल्ली आबांच्या करदोड्याला. ती तिथून कुणी काढली नाही, काढायची हिंमतही नव्हती. सरावाच्या रिकाम्या पुंगळ्या मात्र पावडरच्या जुन्या डब्यात होत्या. नुसतं रिकामं रिव्हॉल्व्हर टकटक केलं की आतला भाग खराब होतो, म्हणून आबा चक्रीत त्या रिकाम्या पुंगळ्या घालायचे. डाव्या हातानं, एकेक करून, माझ्यासमोर. मला दाखवायचे, "बघ, समद्या रिकाम्या. प्रत्येकीच्या काठावर खाच हाय का बघ." मी बघायची. मग ते मांडीवर उशी घ्यायचे, तिच्यावर हात टेकायचे, नळी समोरच्या भिंतीकडे करायचे आणि तर्जनी चापात घालायचे.

पहिले कित्येक दिवस चाप जागचा हलला नाही. बोट नुसतं थरथरायचं. आबांच्या कपाळावरची शीर फुगायची, तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ यायची. ती पुसायला मी पुढे झाले की डाव्या हातानं मला ढकलायचे. संपलं की मी त्यांच्या हाताला तेल लावून एकेक बोट सरळ करायची, मॅडमनी शिकवलं होतं तसं. तेवढा वेळ ते गुमान बसायचे. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, डोंगराच्या बाजूचं. आमच्याकडे म्हातारी माणसं सुनेकडून हात चोळून घेत नाहीत. पहिल्यांदा मलाच अवघडल्यासारखं झालं. मग तो हात माझ्या इतक्या ओळखीचा झाला की अंधारात नुसता हातात दिला असता तरी सांगितलं असतं, हा आबांचा.

एकदा जुन्नरहून एक पाहुणे बघायला आले. तिथं बाजारपेठेत त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. त्यांनी आबांची धडपड पाहिली आणि सहज म्हणाले, "आबा, द्या माझ्याकडं. आतली स्प्रिंग जरा हलकी करून देतो. लोण्यावानी चालंल."

आबा असे काही चिडले की बोलणं आणखीच अडखळायला लागलं. "स्प्रिंग हलकी केली तर गोळी उडायची न्हाई. नुसतं टक व्हईल. आन माझं हत्यार दुसऱ्याच्या हातात गेलं की माझं लायसन गेलं. बोट सुदरवायचं सोडून हत्यार बिघडवता व्हय?"

पाहुणे चहा अर्धा ठेवून गेले. माझे मालक, म्हणजे आबांचा एकुलता मुलगा, मला हसत म्हणाले, "ह्यांचा सोभाव बाकी झटक्यातनं सुखरूप वाचला बघ."

तेव्हा आम्ही हसत होतो अजून.

मग एका सकाळी चाप अर्ध्यापर्यंत आला. घोडा जरासा उठला आणि बोट घसरून परत खाली बसला. आबा माझ्याकडे बघत राहिले. मी बिनकामाची रडले. त्यानंतर काही दिवसांनी चाप सबंध मागे आला आणि टक असा आवाज झाला. स्वयंपाकघरातून सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, हातातलं पीठ न धुता बाहेर आल्या. म्हणाल्या, "शाब्बास माझ्या पाटला!" आयुष्यात त्या नवऱ्याला असं काही बोलल्या नसतील. आबा लाजले. त्या दिवसापासून टक ऐकू आलं की त्या जिथं असतील तिथून ओरडायच्या, शाब्बास. सगळी वस्ती ऐकायची. दिवाळीच्या आत आबा उजव्या हातानं भाकरी मोडायला लागले. नुसती बाजरीची कडक भाकरी, कुणी कुस्करून न देता. मॅडम म्हणाल्या, एवढ्या लवकर हात येणारे पेशंट कमी असतात, काय व्यायाम करता हो घरी? आबा म्हणाले, "हाय आपला एक."

हात सुधारत होता तसतसं डोकं उतरणीला लागलं होतं, हे आम्हांला उशिरा कळलं. आधी त्यांना वाटायला लागलं की विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर कुणीतरी रात्री बदलतं. मग शेजारच्या बांधाचे दगड आत सरकतात. ते बघायला काठी घेऊन निघायचे. म्हाताऱ्या माणसाला असं होतं म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एक दिवस मी बोटं चोळत असताना त्यांनी माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "सूनबाई, तुझा नवरा कुठं गेलाय?"

"कांद्याला पाणी द्यायला."

"त्यो न्हवं गं. माझा पोरगा. ह्यो जो घरात फिरतोय ना, त्याच्यासारखाच दिसतो. पर ह्यो त्यो न्हाई."

मला हसू आलं आणि मग भीती वाटली. मला ते बरोबर ओळखत होते, आत्याबाईंना ओळखत होते, गोठ्यातली गाय गाभण आहे हेही ध्यानात होतं. फक्त पोटच्या पोरावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला की असं होतं कधीकधी, वाद घालू नका. गोळ्या दिल्या. औषधानं झोप वाढली, संशय तसाच राहिला. घरात हत्यार आहे हे डॉक्टरांना आम्ही सांगितलं नाही. मालकांनी तोंड उघडलं नाही, म्हणून मीही नाही.

घरी आल्यावर मात्र हे पहिल्यांदा सरळ बोलले. "त्ये रिव्हॉल्व्हर घरातनं जायला पाहिजे."

"मग न्या ठाण्यात."

"काय सांगू तितं? बापाचं डोकं फिरलंय म्हनून? पाटलाच्या पोरानं बापावर अर्ज केला, हे गावात कळायला येक दिस लागनार न्हाई. आन आबांना कळलं तर?"

त्यांनी एकदा आडून प्रयत्न केला. आबांना म्हणाले, "ते जमा करून टाकू का?" आबांनी विचारलं, "विलेक्शन लागलं का?" नाही म्हटल्यावर विषय संपला. निवडणूक नसताना हत्यार जमा करायचं नाही, असं आबांचं कायद्याचं पुस्तक सांगत होतं आणि ते डोकं बिघडलं तरी पाठ होतं.

म्हणून आम्ही निवडणुकीची वाट बघायला लागलो. जिल्हा परिषदेची निवडणूक आज लागेल, उद्या लागेल असं सगळेच म्हणत होते. लागली की आचारसंहिता येणार, आबा आपण होऊन धोतर नेसून ठाण्यात जाणार, रिव्हॉल्व्हर जमा होणार आणि परत आणायचं तेवढं आम्ही विसरणार. असा साधा बेत. कुणाचा अपमान नाही, कुणाचं नाक कापलं जाणार नाही. आमच्या पूर्ण तालुक्यात निवडणुकीची एवढी आस इच्छुक उमेदवारांनाही नसेल. हे रोज बातम्या लावून बसायचे. आणि निवडणूक पुढे ढकलली जायची. कधी कोर्टात काही, कधी मतदारसंघांच्या रचनेचं काही. टीव्ही बंद करून हे नुसते बसून राहायचे.

तोपर्यंत आमचा भरवसा कशावर, तर चापाच्या घट्टपणावर. गोळ्यांचा डबा कुलपात, किल्ली आबांच्या कमरेला, म्हणजे तो काही आधार नव्हता. पण आबांचं बोट अजून एका दमात चाप ओढू शकत नव्हतं. उशीचा टेकू लागायचा, बराच वेळ लागायचा, हात थरथरायचा. हे म्हणायचे, "तेवढ्या टायमाला मानूस गावाला जाऊन यील." मला त्यात दिलासा वाटायचा आणि लगेच स्वतःचाच राग यायचा, कारण रोज सकाळी मीच त्या बोटाला तेल लावून बळ आणत होते.

थंडी पडली आणि चाप एकाएकी पहिल्यासारखा दगड झाला. आबांनी जोर लावून लावून बघितला, बोट लाल झालं, चाप हलेना. ते लहान मुलासारखे रडायला लागले. "गेला माझा हात. परत गेला." मी बोट दाबून पाहिलं, ते तर चांगलं वळत होतं. मग आबांनीच डोळे पुसून रिव्हॉल्व्हर नाकाशी धरलं आणि वास घेतला. खोबरेल. दसऱ्याला आत्याबाईंनी पूजेत त्याला हळद-कुंकू लावून वर सढळ हातानं खोबरेल चोपडलं होतं, चकाकावं म्हणून. ते फटीतून आत गेलं, हळद-कुंकवाचा चिखल बरोबर घेऊन. आमच्याकडे जानेवारीत बाटलीतलं खोबरेल गोठून पांढरं होतं. आतमध्येही तेच झालं होतं.

आबा म्हणाले, "उन्हात ठिव. मी हितं बसलोय तवर तुझा हात लागला तर चालतंय." मी कोवळ्या उन्हात फडक्यावर ते ठेवलं. दुपारपर्यंत पिवळट तेल फटीतून ओघळलं. मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे सुती चिंधीनं पुसलं आणि शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडले. हे शेतातून आले, त्यांनी ते पाहिलं आणि मला गोठ्यात बोलावलं. एवढे रागावलेले मी त्यांना क्वचितच पाहिले असतील.

"कशाला पुसलंस? गोठलं व्हतं, ऱ्हाऊ द्यायचं व्हतंस. देवानं आपनहून सोय केली व्हती."

"ते रडत होते."

"रडू दे की! तुला कळतं का, ती नळी कुनाकडं वळनार हाय?"

"मला कळतं. पण हात गेला म्हणून ते रडत होते. हात गेला नव्हता. मी त्यांना खोटं सांगू?"

"व्हय," हे म्हणाले. "सांगायचं."

मी गाईपुढे वैरण टाकली. त्यांचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. साफ केलेला चाप आता पूर्वीपेक्षा सुरळीत चालायला लागला. जड होताच, पण अडखळत नव्हता. आबांना उशी लागेनाशी झाली.

त्या सकाळी धुकं होतं. शेतातल्या मोटारीची लाइट पहाटेची होती म्हणून हे अंधारातच कांद्याला पाणी द्यायला गेले होते. ऊन अंगणात आलं तेव्हा आबा खुर्चीवर बसून पुंगळ्या भरत होते. मी पाहिलं, सगळ्या खाच पडलेल्या. मग मी चुलीवर त्यांच्या अंघोळीचं पाणी ठेवायला वळले. चूल अंगणातच आहे, माझ्यापासून आबा चार पावलांवर असतील. हे फाटकातून आत आले. डोक्याला कानटोपी, तोंडाला मफलर, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं.

आबांनी हात उचलला. उशी नाही, टेकू नाही.

हे जागेवर थांबले. फावडं खाली ठेवलं, मफलर ओढून काढला, टोपी काढली. थंडीत त्यांच्या तोंडातून वाफ येत होती. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आबा, मी हाय. तुमचा पोरगा."

आबांनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. चांगलं निरखून. आणि चाप ओढला.

टक झालं.

आतून आत्याबाई ओरडल्या, "शाब्बास!"

मी आबांच्या बाजूला होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. पुंगळ्या रिकाम्या आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याचा चेहरा असा होत नाही. त्यांना नवल वाटलं. बार का झाला नाही म्हणून त्यांनी हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे बघितलं, भुवया आवळल्या, आणि नळी जराशी वर घेऊन परत ओढला. दुसऱ्या वेळी हात अजिबात थरथरला नाही. मला आठवतं, माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे की, बोट किती छान वळलं. असला विचार आला म्हणून मला अजून स्वतःची किळस येते.

हे हलले नाहीत. दोन्ही वेळा हलले नाहीत. मीच पळत जाऊन आबांच्या हातावर हात ठेवला, आणि आबांनी लगेच रिव्हॉल्व्हर माझ्याकडे सोडलं. मला म्हणाले, "बिघाडलंय गं. बघ जरा."

यांनी त्याच वेळी कपडे बदलले, रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळलं, आबांच्या कमरेची किल्ली मागितली. आबा देईनात. मग हे म्हणाले, "विलेक्शन लागलं, आबा." आबांनी मान डोलावली आणि करदोडा सोडायला स्वतःच हात घातला. त्यांना धोतर नेसून बरोबर जायचं होतं. थंडी फार आहे म्हणून कसंबसं थांबवलं. यांनी ठाण्यात काय सांगितलं मला माहीत नाही, मी विचारलं नाही. आजारपणाचे कागद नेले होते. परत आले ते पावती घेऊन. आबांनी ती वाचली, घडी घातली आणि उशीखाली ठेवली. यांना म्हणाले, "उपकार झाले, पावनं."

जेवताना हे मला म्हणाले, "त्यांना म्हाईत व्हतं, रिकामंय म्हनून. रोज स्वताच भरत्यात." मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग भाकरीकडे. त्या दिवसापासून हे आबांच्या समोर बसत नाहीत. बोलतात, औषधं आणतात, चपला पुढे ठेवतात, पण बसतात ते बाजूला किंवा पाठीमागे.

पुढच्या आठवड्यात आबांना नारायणगावला दाखवायला नेलं. व्यायामाच्या मॅडमनी त्यांना आपली बोटं धरायला दिली आणि दाबा म्हणाल्या. आबांनी दाबली. मॅडम "आई गं" म्हणाल्या आणि हसल्या. मला म्हणाल्या, "हे सगळं तुमचं श्रेय आहे हं. पकड जवळजवळ पहिल्यासारखी झालीय. आता अंगठ्यावर काम करू. अंगठा आला की सगळंच आलं, बटणं लावतील, विळा धरतील, काहीही करतील." अंगठ्याचा व्यायाम त्यांनी मला दोनदा करून दाखवला.

येताना आबा गाडीत मागच्या सीटवर झोपले. पुलापाशी आल्यावर हे समोर बघतच म्हणाले, "उद्यापासनं बोटांचं बंद कर."

"रिव्हॉल्व्हर गेलंय की आता."

"विळा हाय. कुऱ्हाड हाय. फावडं तर मीच रोज त्यांच्या म्होरं ठिवतो." मग पूल ओलांडल्यावर म्हणाले, "मी मान खाली घालून जेवत असतो गं. मला समोरचं दिसत नसतंय."

वीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला स्वतःसाठी काही मागितलं असेल, तर हेच. मला त्यांना सांगायचं होतं की व्यायाम थांबवला तर हात परत आखडेल, भाकरी मोडता येणार नाही, मग चमचा धरता येणार नाही, मग मूठ वळलेली राहील आणि नखं तळव्यात रुततील. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हे तेव्हा शेजारीच उभे होते. त्यांनाही माहीत होतं. आणि मलाही आबांची भीती वाटत होती, हे खरं आहे. त्यांना आंघोळ घालताना विळ्याकडे माझं लक्ष जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलाची वाटी न घेता त्यांच्यासमोर जाऊन बसले. आबांनी सवयीनं उजवा हात पुढे केला. बोटं आपली आपणच उघडली, पाचही, अंगठासुद्धा थोडासा. ते बघून ते माझ्याकडे बघून हसले. वाकडं तोंड आता पुष्कळ सरळ झालं होतं. मी तो हात दोन्ही हातांत घेतला, थोडा वेळ धरला आणि त्यांच्या शालीखाली ठेवून शाल नीट खोचली.

"आज न्हाई व्हय?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. आज नको."

"बरं," ते म्हणाले. "तू सांगशील तसं."